कोयनेचे पाणी आणि घरातला दिवा

आपण बटण दाबतो नि दिवा लागतो. ही वीज येते कुठून? सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयना नदीवर मोठे धरण आहे. त्याचे पाणी बोगद्याने सह्याद्रीपलीकडे पोफळीस नेले आहे. तिथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. १९६२ साली तिथली वीज सुरू झाली. पाणी साडेचारशे मीटरांहून जास्त खाली कोसळते. तांब्याने हातावर पाणी ओता, काही वाटत नाही. तेच माडीवरून ओता, मग बघा कसा फटका बसतो! त्या फटक्याने चाक फिरते. चाकाला जोडलेले जनित्र फिरते, वीज तयार होते. पाणी काही संपत नाही. ते वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते.

धरणाच्या पायथ्याशीही लहान वीजघर आहे. त्याचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत येते, पुढे सांगलीला. म्हणून उन्हाळ्यात सांगलीचा शेतकरी विचारतो, "पाणी कोणीकडे सोडलं?" वीज हवी, पण उसालाही पाणी हवेच.

धरणात गावे बुडाली, माणसे उठली. आमच्या वर्गात अशा घरची मुले असत. गाव विचारले, की ती बुडालेल्या गावाचे नाव सांगत. त्यांनी ते गाव पाहिलेही नव्हते.