आईची शुश्रूषा आणि मुलीचे स्वावलंबन

दीर्घ आजाराने अंथरुणास खिळलेली आई आणि तिच्यासाठी शाळा सोडून घरी राहिलेली मुलगी, हे चित्र ग्रामीण भागातील शिक्षकांस व पंचायत सदस्यांस अपरिचित नाही. अशा मुलीचे गाव कौतुक करते. परंतु तिचे शिक्षण थांबले, रोजगाराची संधी हुकली, याची दखल क्वचितच घेतली जाते.

भार कोणावर?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. कुटुंबीयांची विनावेतन देखभाल करणाऱ्यांत हे प्रमाण अनुक्रमे १३४ व ७६ मिनिटे आहे.

कायद्याला मात्र ही विषम वाटणी अभिप्रेत नाही. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी विवाहित मुलीवरही येऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या अधिनियमात मुलगा, मुलगी, नातू व नात या सर्व सज्ञान अपत्यांचा समावेश आहे. अविवाहित मुलीनेच सर्व भार वाहावा, असे कोठेही म्हटलेले नाही.

शुश्रूषेची वाटणी

पक्षाघाताचे उदाहरण घेऊ. हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. अन्यथा शय्याव्रण होतात. औषधे वेळेवर देणे, सांगितलेला व्यायाम करवून घेणे, त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवणे, ही कामे कोणालाही शिकता येतात. आरोग्यसेविकेने ती घरातील किमान दोघांना शिकवावीत. वडिलांनी व भावाने आपल्या वेळा ठरवून घेतल्यास मुलीला दररोज काही तास सलग मिळू शकतात. शेजारणीने तासभर बसणे हीदेखील मोठी मदत होय.

पुढील वाट

शाळा सुटलेल्या मुलीस १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीच्या परीक्षेस खाजगीरीत्या बसता येते. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने घरी राहून पदवीपर्यंत शिकण्याची सोय केली आहे. आर्थिक आधारासाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे; अटी पूर्ण करणाऱ्या पक्षाघात, कर्करोग, क्षय आदींच्या रुग्णांना तिचा लाभ मिळतो. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो.

मुलगी शिकावयास वा कामास बाहेर पडली म्हणजे तिने आईला टाकले, ही समजूत दूर करणे आवश्यक आहे. मिळवती झालेली मुलगी आईच्या औषधोपचाराला हातभारच लावील. स्वतः आईलाही हे विश्वासात घेऊन सांगावे. कित्येकदा मुलीचे अडलेले आयुष्य तिला आजारापेक्षा अधिक सलत असते. प्रत्येक ग्रामपंचायतीने शिक्षक व आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने आपल्या गावातील अशा घरांची यादी करावी आणि तेथील मुलीस काय शिकावयाचे आहे, हे तिलाच विचारावे. पुढील मदतीची दिशा त्यातूनच ठरेल.