मृतांची घरे

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गावाच्या जवळून घोड नदी वाहते आणि पुढे भीमेस मिळते. याच नदीच्या काठी, काष्टीपासून थोड्या अंतरावर वरच्या अंगाला, पुणे जिल्ह्यातील इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास तेथे शेतकऱ्यांची वस्ती झाली होती. जव पिकवणारे व गुरे पाळणारे हे लोक आपल्या मृतांना कोठे ठेवीत, हे त्या उत्खननातून कळले. ते त्यांना आपल्या राहत्या घरातच पुरीत असत.

त्याच सुमारास दूर नाईल नदीच्या काठी मिसर देशातील राजे डोंगरांच्या पोटात आपल्या कबरी खोदवू लागले होते. मिसरी लोकांची अशी श्रद्धा होती, की मरणानंतरही जीवन आहे. मात्र त्यासाठी देह शाबूत राहिला पाहिजे. म्हणून ते मृताच्या नाकावाटे मेंदू काढीत, डाव्या कुशीस छेद देऊन पोटातील अवयव बाहेर काढीत आणि ते बहुधा चार भांड्यांत जपून ठेवीत. हृदय मात्र जागच्या जागी राहू देत, कारण परलोकी त्याचे वजन सत्याच्या पिसाशी ताडून पाहिले जाते, असे ते मानीत. मग देह नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवून लिननच्या पट्ट्यांनी गुंडाळीत. या साऱ्या सोपस्काराला सत्तर दिवस लागत. एवढा खर्च अर्थातच श्रीमंतांनाच झेपे. गरिबाचा देह वाळूत पुरला जाई आणि कधी कधी ती तापलेली वाळूच तो फुकट सुकवून टिकवी!

१९२२ साली तुतनखामेन या तरुण राजाची कबर सापडली. तीत रथ होते, पलंग होते, त्याच्या बालपणीची लहानशी खुर्चीदेखील होती. राजाच्या पायांत सोन्याच्या वहाणा होत्या. त्याला लांबच्या प्रवासाला जायचे होते ना!

इनामगावची रीत याच्या नेमकी उलट दिसते. तेथे मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत आणि त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकीत. ऐकताना अंगावर काटा येतो. पण हे क्रौर्य नसावे. मृताने भूत होऊन भटकू नये, घर सोडून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असे संशोधकांना वाटते. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष आढळला. तो त्या गावचा प्रमुख असावा.

आज महाराष्ट्रात बहुतेक हिंदू मृतांना अग्नी देतात व रक्षा नदीत सोडतात. लिंगायत समाजात मृताला बसवून पुरण्याची चाल आहे. मुसलमान आपल्या मृतास न शिवलेल्या पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून मक्केकडे तोंड करून निजवतात. सोबत काहीही देत नाहीत. मिसरी राजाच्या कबरीपुढे ही साधेपणाची रीत किती वेगळी! तथापि अन्नाची आठवण हिंदूंनाही राहतेच. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडून कावळा शिवण्याची वाट पाहतात. मिसरी लोक कबरीपुढे भाकरी ठेवीत आणि मृताचा एक अंश माणसाचे मुख असलेल्या पक्ष्याच्या रूपाने ये-जा करतो असे मानीत. या दोन कल्पनांचा परस्परांशी संबंध होता, असे समजण्याचे कारण नाही. गेलेल्या माणसाची बातमी पक्ष्याशिवाय दुसरे कोण आणणार, असे दोघांनाही वाटले एवढेच.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र रीती फार जवळ येतात. आजही पुष्कळ हिंदू घरांत तान्ह्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. इनामगावी मृत बालकाला दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत ठेवीत आणि ती मडकी घराच्या जमिनीखाली आडवी पुरीत. शेजारी लहान भांडी ठेवीत. वर घरातील रोजचे व्यवहार चालत. मिसरमध्ये काहून या कारागिरांच्या गावात १८८९ च्या सुमारास पेट्री या संशोधकाला तसेच दृश्य दिसले. तेथील घरांच्या जमिनीखाली लाकडी पेट्यांत तान्ही मुले पुरलेली होती. त्या पेट्या मुळात घरातील दुसऱ्याच कामाच्या होत्या.

काष्टीच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवासे येथेही अशी बालदफने मिळाली. त्यांतील एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मिसरी राजाच्या सोन्यापुढे तिचे मोल ते काय! पण तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरही त्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचे तंतू शिल्लक होते. ते तपासले तेव्हा त्यांत कापूस व रेशीम आढळले.