एक लहान जपानी रेल्वे-स्थानक : वरच्या इयत्तांसाठी भूगोलाचा पाठ

जपान देश शिकविताना टोकिओची गर्दी, फुजी पर्वत व अतिवेगवान शिंकान्सेन गाडी यांतच आपली तासिका बहुधा संपते. त्या देशातील खेडे वर्गात येतच नाही. ते आणावयाचे असल्यास क्यू-शिराताकी या चिमुकल्या स्थानकाचा पाठ घ्यावा. हे स्थानक दि. २६ मार्च २०१६ रोजी बंद झाले आहे, हे विद्यार्थ्यांना आरंभीच सांगावे.

या स्थानकाशी निगडित अशी एक गोष्ट पुष्कळ शिक्षकांच्या कानी आली असेल. एका दूरच्या स्थानकावर शाळेत जाणारी एकच मुलगी उतारू होती; केवळ तिच्यासाठी रेल्वे कंपनीने स्थानक चालू ठेवले, तिच्या शाळेच्या वेळेप्रमाणे गाडी सोडली व तिचे शिक्षण पुरे होताच स्थानक बंद केले, अशी ती गोष्ट. इ. स. २०१६ च्या जानेवारीत ती जगभर पसरली. गोष्ट गोड आहे. म्हणूनच वर्गात सांगण्यापूर्वी ती तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम फळ्यावर जपानचा नकाशा काढून उत्तरेचे होक्काइदो बेट दाखवावे. तेथील सेकिहोकु नावाच्या लोहमार्गावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना, कामि-शिराताकी, शिराताकी, क्यू-शिराताकी व शिमो-शिराताकी अशी चार स्थानके ओळीने येत. त्यापुढे एन्गारू हे गाव लागते. जपानी भाषेत ‘शिराताकी’ म्हणजे पांढरा धबधबा. ‘कामि’ म्हणजे वरचे, ‘शिमो’ म्हणजे खालचे व ‘क्यू’ म्हणजे जुने. आपल्याकडील बुद्रुक व खुर्द यांची मुलांना येथे सहज आठवण होईल. या चारांपैकी आज उतारूंसाठी केवळ शिराताकी उरले आहे. तेथून पश्चिमेस कामिकावा स्थानकापर्यंत ३७.३ किलोमीटर अंतरात गाडी कोठेही उतारू घेत नाही.

क्यू-शिराताकी येथे १९४७ साली गाडी थांबू लागली, ती तात्पुरता थांबा म्हणून. होक्काइदोमध्ये असे थांबे अनेक होते. स्थानिक रेल्वे कार्यालये आपल्या अधिकारात ते उघडीत. १९८७ साली सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन कंपन्या स्थापन झाल्या, तेव्हा त्यास स्थानकाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला तरी रूप पालटले नाही: फळ्यांचा आखूड फलाट आणि लाकडी खोपटासारखे प्रतीक्षागृह. स्टेशनमास्तर नाही, तिकिटाची खिडकी नाही. डिझेलवर चालणारा एकच डबा येई. अशा गाडीत उतारू चढताना क्रमांकाची चिठ्ठी घेतो व उतरताना चालकाजवळच्या पेटीत त्या क्रमांकाचे भाडे टाकतो. चालक तोच आणि तिकीट-तपासनीसही तोच.

आता वेळापत्रक पाहू. बंद होण्याच्या सुमारास एन्गारूकडे जाणारी गाडी येथे दिवसातून एकदाच, सकाळी सव्वासातच्या सुमारास थांबे. परत येण्यास दुपारनंतर तीन गाड्या होत्या. सकाळची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. वर्ग त्यावर आपोआप बोलू लागेल.

प्रचलित गोष्टीत खरे काय? एन्गारू येथील उच्च माध्यमिक शाळेत जाणारी एक मुलगी या स्थानकावरून नित्य चढत असे, हे खरे. परंतु गोष्टीत स्थानकाचे नाव कामि-शिराताकी असे चुकीचे सांगितले गेले. त्याच गाडीने शाळेस जाणारे इतरही विद्यार्थी होते. गाडी तिच्या एकटीसाठी धावत नव्हती. जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये संपते आणि रेल्वेचे नवे वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच लागू होते. तिचे शिक्षण संपणे व स्थानक बंद होणे एकाच महिन्यात आले, ते यामुळे. स्थानक बंद होण्याचे कारण उतारूंची अत्यल्प संख्या हे होते.

माझ्या मते खरी हकीकत सांगितल्याने पाठाचे मोल उणे होत नाही, उलट वाढते. जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे आहे. त्यापुढील शाळा मोठ्या गावी असते आणि जवळजवळ सर्वच मुले तेथे जातात. खेड्यातील वस्ती विरळ होत गेली की गाडीचा खर्च निघत नाही. गाडी बंद झाली की उरलेल्या मुलांची शाळा अधिक दूर जाते. होक्काइदोच्या रेल्वे कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे १,२३७ किलोमीटरचे मार्ग आपणास एकट्याने चालविणे कठीण असल्याचे जाहीर केले. त्यात हा सेकिहोकु मार्गही होता. मग हा खर्च कोणी सोसावा : कंपनीने, सरकारने की गावाने? सातवीच्या मुलांनाही यावर मत देता येते. ते देऊ द्यावे. शिक्षकाने आपले उत्तर आधी सांगू नये.

स्वाध्याय म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाजवळच्या एस. टी. थांब्यावर अथवा स्थानकावर एक सकाळ उभे राहावे. गाडी किती वाजता आली, किती माणसे चढली व त्यांत शाळेची मुले किती, हे पाहून वहीत लिहून आणावे.