अर्धी बाटली

(अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात 'जोशुआ ट्री' नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील खडकाळ डोंगरांत तंबू ठोकून राहताना आणि पायी हिंडताना आलेला अनुभव लेखकाने या पाठात सांगितला आहे.)

वाळवंट म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग उभी राहते. माझ्याही डोळ्यांपुढे तेच चित्र होते. म्हणून लॉस एंजेलिसला राहणारा माझा थोरला भाऊ जेव्हा म्हणाला, "चल, दोन रात्री वाळवंटातल्या डोंगरात मुक्काम करू," तेव्हा मला नवल वाटले. वाळवंटात डोंगर कुठून आले?

एप्रिल महिना संपत आला होता. दादा, वहिनी, अकरा वर्षांची माझी पुतणी आणि मी असे चौघे निघणार होतो. गाडीत सामान भरताना मी पाहिले, तर तंबू, पथाऱ्या, शेगडी, थालीपिठांचा डबा आणि दाण्याची चटणी एका कोपऱ्यात बसली होती. बाकी सारी जागा पाण्याच्या कॅनांनी अडवली होती.

"दादा, एवढे पाणी? आपण डोंगरात चाललो आहोत की टँकर घेऊन गावाला?" मी हसत विचारले.

उत्तर पुतणीने दिले. "काका, माणशी रोज चार लिटर. आपण चौघे, तीन दिवस. म्हणजे ४८ लिटर. शिवाय भांडी धुवायला आणि अडीअडचणीला वेगळे. आपण राहणार तिथे नळ नाही, विहीर नाही, झरासुद्धा नाही."

मी मनात म्हटले, शहरातली माणसे उगाच घाबरतात. वीस वर्षे मी सह्याद्रीतले गड चढत आलो होतो. एक पाण्याची बाटली आणि पंचात बांधलेली भाकरी यांपेक्षा जास्त ओझे मी कधी पाठीवर घेतले नव्हते.

लॉस एंजेलिसपासून पूर्वेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर हे उद्यान आहे. येथे दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात. उंचावरचे, त्यामानाने थंड असे मोहावी वाळवंट आणि सखल, अधिक तापणारे कोलोरॅडो वाळवंट. उद्यानाच्या उत्तरेला ट्वेंटीनाइन पाम्स नावाचे गाव आहे. त्या गावात वर्षभरात सरासरी दहा-बारा सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला पाचशे सेंटिमीटरांहून अधिक पडतो. या एका तुलनेवरून तेथील कोरडेपणाची कल्पना येईल.

गावाजवळच ताडासारख्या उंच झाडांची एक राई आहे. तिला 'मारा' म्हणतात. जमिनीखालचे पाणी येथे वर येत असे, म्हणून ही झाडे जगली. सेरानो आणि चेमेहुएवी या मूळच्या लोकांची वस्ती येथे होती. या सबंध प्रदेशात कोणत्या खडकाखाली पाणी मिळते आणि कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाला शेंगा धरतात, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले होते. त्याच ज्ञानावर ते या रखरखीत मुलखात राहू शकले.

उद्यानात शिरताच दोन्ही बाजूंना जोशुआची झाडे दिसू लागली. बुंधा ओबडधोबड, फांद्या वर उचललेल्या हातांसारख्या आणि टोकांना घायपातासारख्या टोकदार पानांचे झुबके. खरे तर हा युक्का जातीचा एक प्रकार आहे. त्याच्या खोडात वर्षावर्षाची वलये नसतात, त्यामुळे वय मोजणे अवघड जाते. युक्का नावाचा लहानसा पतंग या झाडाचे परागीभवन करतो आणि त्याच फुलात अंडी घालतो. पतंग नाही तर बी नाही, आणि झाड नाही तर पतंग नाही!

आमचा मुक्काम 'जंबो रॉक्स' या तळावर होता. नाव सार्थ होते. घराएवढे, हत्तीएवढे गोलसर धोंडे एकावर एक रचून ठेवावेत तसे पडले होते. त्यांच्या आडोशाला तंबू ठोकायच्या जागा आखलेल्या होत्या. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल आणि जाळासाठी लोखंडी कडे. बाकी काही नाही.

"हे धोंडे इथे कोणी आणून टाकले?" मी विचारले.

"कोणीच नाही," दादा म्हणाला. "दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात तप्त रस थंड होऊन त्याचा ग्रॅनाइट झाला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी झिरपले, कोपरे झिजले आणि ठोकळ्यांचे गोटे झाले. पुढे वरची माती पुरांनी वाहून गेली आणि ते उघडे पडले." आपला सह्याद्री थरावर थर बसलेल्या लाव्ह्याचा, काळ्या बेसॉल्टचा. हा डोंगर पिवळसर, खरखरीत. पण एक गोष्ट मला गमतीची वाटली. जिथे आज पाण्याचा थेंब नाही, तिथले दगडसुद्धा पाण्यानेच घडवले होते!

संध्याकाळी जाळ करायचा ठरला. मी सवयीने काटक्या गोळा करायला वाकलो, तोच पुतणी ओरडली, "काका, नको! इथली एकही काडी उचलायची नाही." लाकडेसुद्धा आम्ही बरोबर आणली होती. वाळलेली फांदीही येथे कुणाचे तरी घर असते, आणि तिची माती होऊन ती पुन्हा झाडांच्या उपयोगी पडते. शंभर वर्षांपूर्वी लोक येथून निवडुंग उपटून बागांसाठी नेत आणि जोशुआची झाडे पेटवून देत. ते पाहून मिनर्व्हा हॉइट नावाच्या बाई कळवळल्या. त्यांनी वाळवंटी वनस्पतींची प्रदर्शने भरवली, सरकारकडे सतत पाठपुरावा केला. अखेर १९३६ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिले. १९९४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले.

रात्री आकाश चांदण्यांनी भरून गेले. सप्तर्षी डोक्यावर आले होते. ध्रुवतारा मात्र पुण्याहून दिसतो त्यापेक्षा बराच वर होता. आपण जितके उत्तरेला जावे, तितका तो वर चढतो. दिवसा तापलेले खडक भराभर निवले आणि आम्हांला स्वेटर घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रायन माउंटन चढणार होतो. "उजाडताच निघू," असे दादाने बजावले होते. पण सकाळी चहा झाला, गप्पा रंगल्या आणि माझ्यामुळे उशीर झाला. वहिनी तळावरच थांबणार होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आणखी एक बाटली घ्या."

"अडीच किलोमीटरची तर चढण आहे वहिनी! सिंहगड याहून मोठा," असे म्हणून मी एक लिटरची एकच बाटली घेतली. पायथ्याशी पोहोचेपर्यंत अकरा वाजले होते.

पायवाट चांगली होती. दगडी पायऱ्याही होत्या. मात्र वाटेवर सावली कुठेच नव्हती. ऊन वरून लागत होते आणि खडकांतून खालूनही. तरी घाम येत नव्हता, म्हणून मी खुशीत होतो. घसा कोरडा पडला, की एक घोट घेई. थोड्या वेळाने घोट मोठे झाले.

सुमारे दोन तृतीयांश चढण झाली असेल. पुतणी थांबली. तिच्या बाटलीला बरोबर मध्यावर एक रबर बांधलेले होते आणि पाणी अजून त्याच्या वर होते. तिने माझी बाटली पाहिली.

"काका, तुमचे पाणी अर्ध्याच्या खाली गेले. आता फिरायचे."

"अग, माथा तर समोर दिसतो आहे!"

"अर्धे पाणी संपले, की परत फिरायचे. आणि ज्याचे पाणी सर्वांत कमी, त्याच्या बाटलीकडे पाहायचे. असा आमचा नियम आहे."

मी दादाकडे पाहिले. तो काही माझी बाजू घेईल असे मला वाटले. तो शांतपणे म्हणाला, "डोंगर कुठे जात नाही. उद्याही इथेच आहे." आणि तो वळला.

मला राग आला. वीस वर्षांत मी माथा न गाठता कधी परतलो नव्हतो, आणि आज एक अकरा वर्षांची मुलगी मला अडवत होती! पण निम्मी वाट उतरलो असेन नसेन, माझे डोके ठणकू लागले. पोटऱ्यांत गोळे आले. दादाने मला एका धोंड्याच्या हातभर सावलीत बसवले आणि माझ्या सदऱ्याकडे बोट दाखवले. पाठीवर, काखेत मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते.

"तुला वाटले घाम येत नाही. तो येत होता, पण हवा इतकी कोरडी, की अंगावर दिसण्याआधीच उडून जात होता. आपल्याकडे घाम टपकतो, म्हणून कळते. इथे शरीर रिकामे होते आणि पत्ता लागत नाही."

पायथ्याशी आलो तेव्हा माझ्या बाटलीत थेंबही उरला नव्हता. शेवटचे घोट पुतणीच्या बाटलीतले होते. आणखी अर्धा तास वर चढलो असतो, तर? मी काही बोललो नाही.

उन्हे कलल्यावर आम्ही बार्कर धरण पाहायला गेलो. १९०० सालाच्या सुमारास गुरे पाळणाऱ्यांनी खडकांच्या घळीत पावसाचे पाणी अडवण्यासाठी ही भिंत बांधली. पुढे ती उंच करण्यात आली. तळाशी थोडेसे पाणी होते आणि त्या पाण्यासाठी पाखरे जमली होती. तेथील कासवाची गोष्ट पुतणीने सांगितली. वाळवंटी कासव पावसात प्यालेले पाणी मूत्राशयात साठवून महिनोन्‌महिने पुरवते. कुणी त्याला उचलले, तर भीतीने ते पाणी टाकून देते आणि मग तहानेने मरू शकते. म्हणून कासव दिसले तरी दुरूनच पाहायचे.

त्या भिंतीजवळ बसलो असताना मला आपल्या गडांवरची टाकी आठवली. कातळात खोदलेली, भर मे महिन्यातही गार पाण्याची. वीस वर्षे मी हलक्या पाठीने गड चढत होतो, ते काही माझ्या पायांच्या जोरावर नव्हे. माझे पाणी कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वीच छिन्नी-हातोड्याने वर साठवून ठेवले होते. त्यांच्या कष्टांना मी आपली ताकद समजत होतो!

तिसऱ्या दिवशी मीच सर्वांत आधी उठलो. पहाटेच्या अंधारात आकाशगंगा स्पष्ट दिसत होती. तीन बाटल्या भरल्या आणि पुतणीकडून एक रबर मागून घेतले. उजाडताना चढायला लागलो आणि ऊन तापण्याआधी माथ्यावर होतो. रायन माउंटनची उंची सुमारे १६६४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा किंचित जास्त. कळसूबाईवर देवीचे देऊळ आहे. येथे फक्त दगडांची रास आणि एक पाटी. खाली जोशुआच्या झाडांनी ठिपकलेली दरी आणि दूर पश्चिमेला सॅन गोर्गोनिओ शिखरावरचे बर्फ. पुतणीने माझ्या बाटल्या तपासल्या. पाणी अर्ध्याहून जास्त होते. ती हसली. शाबासकी मिळाल्यासारखे मला वाटले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी राजगडावर गेलो. टाक्याच्या काठी बसून ओंजळ पाण्याकडे नेली, तर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. कोणीतरी तहान भागवून तिथेच टाकलेली. मी ती बाहेर काढली, पाठपिशवीत घातली आणि मग त्या पाण्याला हात लावला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोशुआ ट्री उद्यानात कोणती दोन वाळवंटे एकत्र येतात?
(आ) पुतणीने बाटलीला रबर कशासाठी बांधले होते?
(इ) वाळवंटी कासवाला का उचलू नये?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) घाम येत असूनही लेखकाला तो का कळला नाही?
(आ) जंबो रॉक्स येथील धोंडे कसे तयार झाले?

३. 'त्यांच्या कष्टांना मी आपली ताकद समजत होतो' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. उपक्रम : तुमच्या परिसरातील जुनी विहीर, टाके किंवा तलाव पाहा. तो कोणी व कधी बांधला, आज त्याची स्थिती कशी आहे, याची माहिती मोठ्या माणसांना विचारून लिहा.