गॉगल घेताना काळेपणाला भुलू नका

फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात कोंडाण्याचा एक तरुण आईचा हात धरून आत आला. डोळ्यांवर ओला रुमाल, गालांवर पाणी वाहत होते. ट्यूबलाईटचा उजेडसुद्धा त्याला सोसवत नव्हता. आई म्हणाली, "डॉक्टर, ह्याचे डोळे आलेत. बाहेरगावाहून साथ घेऊन आला बघा."

मी डोळे तपासले. पापण्या सुजलेल्या, डोळे लाल. पण चिपडे नव्हती, पूही नव्हता. दोन्ही डोळे एकाच वेळी, सारखेच दुखू लागले होते. विचारता कळले की, स्वारी मित्रांबरोबर मनालीला गेली होती. जवळच्या सोलंग खोऱ्यात दोन दिवस बर्फावर खेळणे झाले. एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून उतारावरून घसरायचे, त्या स्नोबोर्डिंगच्या खेळाचाही प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथून निघाले आणि रात्री दिल्लीच्या बसमध्ये डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले.

"अरे, गॉगल नव्हता का?" मी विचारले.

"होता ना डॉक्टर! चांगला काळाकुट्ट होता. पहिल्या दिवशी लावला. दुसऱ्या दिवशी ढग आले, त्यातून काही दिसेना, म्हणून काढून खिशात ठेवला."

त्याच्या दुखण्याचे सारे कारण या उत्तरात आहे. म्हणून आजचा लेख गॉगलवर.

हा आजार कोणता?

सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणाऱ्या उजेडाबरोबर न दिसणारे अतिनील किरणही असतात. उन्हाने कातडी भाजते ती यांच्यामुळे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यालाही ते तसेच भाजतात. बर्फावर हे घडले की त्याला हिमांधत्व म्हणतात. खोपोलीच्या कारखान्यांत किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणाऱ्यांना हे दुखणे नवे नाही. मुखवटा न लावता वेल्डिंगकडे पाहिले की रात्री डोळ्यांची जी आग होते, ती हीच. किरण लागताना काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी दुखणे सुरू होते आणि साधारण एक ते तीन दिवसांत पडदा भरून येतो.

आपल्याकडचे गवत आणि माती दहा टक्क्यांहूनही कमी अतिनील किरण परत फेकतात. समुद्रकाठची कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के फेकते. ताजा बर्फ मात्र ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. त्यात दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. सोलंग अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. म्हणजे वरून जास्त आणि खालूनही मारा. टोपीने वरचे ऊन अडते, खालून येणारे अडत नाही. आणि ढगांचे म्हणाल तर पातळ ढगांतून या किरणांचा मोठा भाग आरपार येतो. ऊन दिसत नाही म्हणून धोका नाही, हा समजच आमच्या या तरुणाला नडला.

काळेपणा वेगळा, संरक्षण वेगळे

वाचकहो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. काचेचा रंग दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण अडवणे हा काचेच्या पदार्थाचा किंवा तिच्यावरील लेपाचा गुण आहे. अगदी पांढरी, स्वच्छ काचही हे किरण पूर्ण अडवू शकते आणि काळीकुट्ट काच ते आत सोडू शकते. अशी फसवी काळी काच उघड्या डोळ्यापेक्षाही वाईट ठरू शकते. कारण अंधार वाटला की बाहुली मोठी होते, आपण डोळे किलकिले करीत नाही आणि किरणांना आत जायला वाट मोकळी मिळते.

म्हणून गॉगलवर 'यूव्ही ४००' असे लिहिले आहे का ते पाहा. याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. रस्त्यावरच्या मालावर हे शब्द कुणीही छापू शकतो, तेव्हा शंका असल्यास चष्म्याच्या दुकानात जा. बऱ्याच दुकानांत हे मोजायचे छोटे यंत्र असते.

काच किती गडद हवी?

चांगल्या गॉगलच्या काडीवर ० ते ४ पैकी एक अंक असतो. काच किती उजेड आत सोडते, हे त्यावरून कळते.

० : ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड आत. जवळजवळ पांढरी काच. धूळ आणि वाऱ्यासाठी.
१ : त्रेचाळीस ते ऐंशी टक्के. ढगाळ दिवस, धुके.
२ : अठरा ते त्रेचाळीस टक्के. कोवळे किंवा मध्यम ऊन.
३ : आठ ते अठरा टक्के. आपल्याकडचे एप्रिल-मेचे दुपारचे ऊन, समुद्रकिनारा, उन्हातला बर्फ.
४ : तीन ते आठ टक्के. उंच हिमशिखरे, हिमनद्या. ही काच लावून कोणतेही वाहन चालवू नये.

रंग कोणता घ्यावा?

करडा रंग उजेड कमी करतो, पण बाकीचे रंग जसेच्या तसे दाखवतो. सिग्नलचा लाल-हिरवा नीट ओळखू येतो, म्हणून गाडी चालवणाऱ्यांना तो उत्तम. तपकिरी काचेतून खाचखळगे जरा उठून दिसतात. डोंगरात चालणाऱ्यांना ती सोयीची पडते.

पिवळी, नारिंगी किंवा गुलाबी फिकट काच ढगाळ हवेतल्या बर्फासाठी असते. आभाळ भरले की उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या नाहीशा होतात आणि पांढऱ्यावर पांढरे काही कळत नाही. उंचवटा कुठे, खड्डा कुठे, ते दिसत नाही आणि माणूस आपटतो. या काचा निळसर उजेड कमी करतात, त्यामुळे चढउतार थोडे स्पष्ट होतात. आमच्या तरुणाला दुसऱ्या दिवशी हीच काच हवी होती. ती असती तर गॉगल डोळ्यांवर राहिला असता. बर्फावर खेळणाऱ्यांचे काही गॉगल बदलत्या काचांचे मिळतात, ते याचसाठी. काच दुहेरी असावी म्हणजे आतून वाफ धरत नाही. बाजूने आणि खालून फट राहू नये.

पोलराईज्ड काच पाण्यावरची आणि ओल्या रस्त्यावरची झळाळी मारते. मात्र तिच्यातून मोबाईलचा पडदा कधीकधी काळा दिसतो. पोलराईज्ड म्हणजे यूव्ही सुरक्षित असे मात्र नव्हे. ते वेगळे विचारून घ्यावे.

उन्हात आपोआप काळी होणारी काच पायी चालणाऱ्याला बरी. मोटारीत ती फारशी काळी होत नाही, कारण तिला काळे करणारे अतिनील किरण पुढची काचच अडवते. थंडीत ती जास्त काळी होते आणि उजळायला वेळ घेते.

आपल्या तालुक्यात काय कराल?

बर्फ आपल्याकडे नाही, पण नियम तोच. भर दुपारी मोटारसायकलवर करडी किंवा तपकिरी तीन नंबरची काच घ्या. पावसाळ्यात बोरघाटात धुके उतरले की काळा गॉगल काढा आणि पांढरी किंवा अगदी फिकट काच लावा. द्रुतगती मार्गावर भातण आणि माडपच्या बोगद्यांत शिरण्यापूर्वी गाडीचा वेग कमी करून गडद गॉगल काढून ठेवावा. रात्री कोणताही रंगीत गॉगल नको. 'नाइट ड्रायव्हिंग'चा म्हणून विकला जाणारा पिवळा गॉगलही नको. तो असलेला उजेडच कमी करतो. दुचाकीवर आणि खेळात साधी काच टाळून पॉलीकार्बोनेटची घ्यावी. ती सहसा फुटत नाही आणि मुळातच अतिनील किरण अडवते.

भाताच्या लावणीपासून मळणीपर्यंत उघड्यावर राबणाऱ्यांनीही गॉगलला श्रीमंती थाट समजू नये. वर्षानुवर्षांच्या उन्हाने डोळ्यात मांसाची वेल वाढते, मोतीबिंदूलाही हातभार लागतो. रुंद काठाची टोपी आणि साधा पण खरा गॉगल एवढे पुरे. मात्र कोणताही गॉगल लावून ग्रहण पाहू नका आणि वेल्डिंगही करू नका.

डोळे भाजलेच तर?

अंधाऱ्या खोलीत पडून राहा. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढा. बंद पापण्यांवर थंड पाण्याची पट्टी ठेवा. डोळे चोळू नका. बटाट्याचा कीस, दूध, मध काहीही डोळ्यात घालू नका. डोळा बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी घरी वापरू नका. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण जखम भरत नाही आणि पुढे फूल पडण्याची भीती असते. नजर कमी वाटली, एकच डोळा दुखत असला किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आमचा तरुण तिसऱ्या दिवशी हसत आला. पावसाळ्यात तो शहरातल्या मंडळींना कोंडाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला घेऊन जातो. निसरड्या वाटेवर पंधरा-वीस जणांची जबाबदारी त्याच्या नजरेवर असते. त्याने विचारले, "डॉक्टर, आता गॉगल घेऊ तरी कोणता?"

मी म्हटले, "बाबा रे, आधी यूव्ही ४०० बघ. मग तुझ्या वाटेवर उजेड कसा असतो ते आठव आणि रंग घे. आरशात कसा दिसतो, ते सगळ्यात शेवटी."