जनावराच्या डॉक्टरांची अडचण ओळखा, वेळीच साथ द्या



गाय बसली, म्हैस अडली किंवा बैलाचे पोट फुगले की आपण डॉक्टरांची वाट पाहतो. त्यांना उशीर झाला तर रागावतो आणि जनावर दगावले तर बोलही त्यांनाच लावतो. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, पशुवैद्यक नाही. परंतु विस्तार कार्याच्या निमित्ताने डॉक्टरांबरोबर अनेक गोठे हिंडलो. तेव्हा एक गोष्ट पटली. मुक्या जनावराला काय होते आहे हे डॉक्टरांना अर्ध्या तासात ठरवावे लागते आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी आपल्या हातात असतात. एक म्हणजे वेळ आणि दुसरी म्हणजे खरी माहिती.

आधी कोणाच्या गोठ्यात जावे?

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. अनेक भागांत आजही एका डॉक्टरकडे याहून अधिक जनावरे येतात. समजा, सकाळी एकाच वेळी तीन निरोप आले. एका गावात म्हैस अडली आहे, दुसऱ्या गावात बैलाचे पोट फुगले आहे आणि तिसऱ्या गावात गाईची वार पडलेली नाही. प्रत्येक निरोप्या "जनावर शेवटचे आहे" असेच सांगतो. अशा वेळी डॉक्टरांनी गाडी कोणत्या रस्त्याला घालावी?

म्हणून निरोप देताना लक्षणे सांगावीत. डावी भकाळी ढोलासारखी ताणली असेल व जनावराला धाप लागली असेल तर एक-दोन तासांतही ते दगावू शकते. पाणमोट फुटून, जोराने कळा देऊनही तास-दीड तासात वासरू पुढे सरकत नसेल तर विलंब करू नये. वार मात्र साधारणपणे आठ ते बारा तासांत पडते. तोपर्यंत गाय खातपीत असेल तर थांबता येते. वारेला दगड बांधू नये किंवा ती ओढू नये.

आमच्या पिकाशी संबंधित एक धोकाही येथे सांगतो. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे खाल्ल्याने किराळ लागते. यात हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊन जनावर काही मिनिटांतही मरू शकते. यावर शिरेतून द्यावयाची औषधे आहेत, परंतु ती वेळेत मिळाली तरच उपयोग होतो. निरोपातच "ज्वारीत शिरली होती" एवढे तीन शब्द आले तर डॉक्टर योग्य औषध घेऊनच निघतात.

आधीचा उपचार लपवू नका

आमच्या घरचीच गोष्ट आहे. तिसऱ्या वेताची गाय व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. मान कुशीवर टाकलेली, कान गार. दुग्धज्वराचीच ही लक्षणे. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली काढली, गाईच्या छातीला नळी लावली आणि विचारले, "आबा, सकाळपासून हिला काही टोचलंय का?" वडील नाही म्हणाले. डॉक्टरांनी पुन्हा ऐकले, पुन्हा विचारले. वडील पुन्हा नाही म्हणाले. शेवटी आई दारातून म्हणाली, "अहो डॉक्टर, पहाटं एक बाटली लावलीया की."

ती बाटली गावातल्याच एका ओळखीच्या माणसाने लावली होती. त्याचे नाव पुढे येऊ नये म्हणून वडील गप्प होते. डॉक्टरांनी हातातली बाटली खाली ठेवली. कॅल्शियम शिरेतून घाईने किंवा जादा गेले तर हृदय बंद पडते. ते तासभर गाईजवळ बसले, ठोके ऐकत राहिले आणि नंतर बेताने उपचार केला. गाय संध्याकाळी उठली. आई बोलली नसती तर ती सुई शिरेत असतानाच मेली असती आणि "डॉक्टरांच्या इंजेक्शनने गाय गेली" असे आम्हीच गावभर सांगितले असते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचे असतात. तरीही कोणी काही दिले असेल तर लाज न बाळगता सांगावे. रिकामी बाटली दाखवावी.

डॉक्टरांच्या जिवालाही धोका असतो

"घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतीय" अशी तक्रार नेहमी येते. खरोखर गाजर किंवा ऊस अडकलेला असू शकतो. परंतु पिसाळलेल्या जनावराचीही लक्षणे अशीच दिसतात. हात तोंडात घालावा तर रेबीजची भीती, न घालावा तर जनावर गुदमरण्याची भीती. गेल्या काही महिन्यांत जनावराला कुत्रे चावले असल्यास ते प्रथम सांगावे. घरच्या कोणीही उघड्या हाताने तोंडात चाचपू नये. लाळ जखमेला लागली असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर खात्रीचा इलाज नाही.

गाभडलेल्या जनावराचेही तसेच आहे. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस असल्यास तो रोग हाताळणाऱ्या माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप व सांधेदुखी पाठ सोडत नाही. पडलेले वासरू व वार हातमोजे घालूनच उचलावी आणि खोल पुरावी. कालवडींना व पारड्यांना चार ते आठ महिने वयात या रोगाची लस एकदा टोचून घ्यावी.

दूध घालावे की बाजूला काढावे?

कासदाहावर प्रतिजैविक दिले की डॉक्टर सांगतात, "दूध डेअरीला घालू नका." शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्या दुधावर घर चालते. डॉक्टरांनाही हे दिसते. न सांगावे तर ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाते, सांगावे तर पुढच्या वेळी शेतकरी दुसऱ्याला बोलावतो. औषधाच्या वेष्टनावर दूध वर्ज्य ठेवण्याचा कालावधी दिलेला असतो. ज्या औषधाचा असा कालावधी तपासून निश्चित झालेला नाही, त्यासाठी २०१२ च्या नियमानुसार दूध किमान सात दिवस वर्ज्य धरावे. अशा दुधाचे दहीही नीट लागत नाही.

तीच गोष्ट वेदनाशामकाची. डायक्लोफिनॅकने उपचार केलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. "तेच लवकर गुण देणारं द्या" असा आग्रह धरू नये. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

दाखला आणि शेवटचा निर्णय

विमा संपल्यावर मेलेल्या गाईचा मागील तारखेचा दाखला मागितला जातो. मागणारा ओळखीचा, नुकसान खरे, पण दाखला खोटा. त्या सहीने डॉक्टरांची नोंदणी धोक्यात येते. त्यापेक्षा विम्याचे नूतनीकरण वेळेवर करावे, कानातला बिल्ला पडल्यास लगेच कळवावे.

सर्वांत जड प्रसंग म्हणजे न वाचणारे जनावर. महिनाभर बसलेल्या, अंगाला जखमा झालेल्या गाईला सलाईन लावत राहणे हा उपचार नसतो. तेव्हा "डॉक्टर, खरं काय ते सांगा" असे आपणच म्हणावे. खरे सांगण्याचे ओझे त्यामुळे थोडे हलके होते.

डॉक्टर येण्यापूर्वी हे करावे

१. केव्हापासून खात नाही, रवंथ, शेण, लघवी, गाभण किंवा व्याल्याची तारीख हे लिहून ठेवावे.
२. जनावर सावलीत, मोरकीने पक्के बांधावे. मारकुटे असल्यास सांगावे.
३. बसलेल्या जनावराला छातीवर बसते ठेवून बाजूंना भरलेली पोती लावावीत. तोंडाने औषध किंवा तेल पाजू नये, ते फुफ्फुसात जाते.
४. गरम पाणी, साबण, रात्री उजेड आणि धरायला दोन माणसे तयार ठेवावीत.
५. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त येत असल्यास फाशी रोगाची शंका धरावी. ते फाडू नये, चामडे काढू नये.

शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. त्याखाली प्रत्येक जनावराला दिलेल्या औषधाची तारीख लिहिण्याची सवय लावा. डॉक्टर पुढच्या वेळी गोठ्यात पाऊल ठेवतील, तेव्हा विचारण्याआधीच त्यांना उत्तर मिळेल आणि त्याचा पहिला फायदा आपल्याच जनावराला होईल.