उपास करूनही काटा पुढेच का सरकतो?

प्रश्न : आम्ही मुंबईत कॉटन ग्रीनला राहतो. सासरे माळकरी होते, त्यामुळे घरात मांसमच्छी नाही. सासूबाई (वय ६४) सगळे सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास करतात. तरी त्यांचं वजन दरवर्षी दोनेक किलोंनी वाढतंच. आमच्या मजल्यावरचे जैन काका दिवस मावळायच्या आत जेवतात आणि शिडशिडीत आहेत. काकू मात्र नाहीत. ऑफिसातली बोहरी मैत्रीण म्हणते, थाळावर बसलं की किती खाल्लं ते कळतच नाही. मुलगा विचारतो, धर्माचा आणि वजनाचा काही संबंध असतो का? शिवाय सासूबाईंना आता साखर निघाली आहे. त्यांनी यंदा नवरात्र धरावं का?
— एक वाचक, कॉटन ग्रीन

उत्तर : मुलाचा प्रश्न रास्त आहे, आणि तो आधीही विचारला गेलाय. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ केनेथ फेरारो यांनी १९९८ मध्ये तिथल्या धर्मपंथांचं वजन तपासलं, तेव्हा बाप्टिस्टांमध्ये लठ्ठपणा इतरांहून जास्त आढळला. २०११ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अडीच हजारांच्या आसपास तरुणांचा १८ वर्षांचा मागोवा मांडला. तरुणपणी धार्मिक कार्यक्रमांना वरचेवर जाणारे लोक मध्यमवयात लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. प्रार्थनेने कुणी जाड होत नाही. प्रार्थनेनंतर जे टेबल मांडलं जातं, त्यावर संशोधकांचा संशय आहे.

पण त्याच अमेरिकेत सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट नावाचा पंथ आहे. पुण्यात औंधला ज्यांचं स्पायसर कॉलेज आहे, तेच हे लोक. दारू-तंबाखू वर्ज्य, आणि शाकाहाराकडे ओढा. त्यांच्यावरच्या मोठ्या अभ्यासात दूधही न घेणाऱ्या शाकाहारींचा बीएमआय सरासरी २३.६ निघाला आणि मांस खाणाऱ्यांचा २८.८. (बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात.) बाप्टिस्टांचं आणि यांचं बायबल एकच आहे. ताटं वेगळी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आमचंही घर शाकाहारीच, मग आमचा काटा मागे का येत नाही? कारण ॲडव्हेंटिस्टांचा शाकाहार कडधान्यांवर आणि कोंड्यासकटच्या धान्यावर उभा आहे, आणि आपला उपासाचा शाकाहार साबुदाण्यावर.

साबुदाण्याची जरा चौकशी करू या. तो टॅपिओका नावाच्या कंदाचा, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हीसुद्धा अमेरिका खंडांतलीच; पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडे यातलं काहीही नव्हतं. तमिळनाडूत सेलमकडे साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मलाया-जावाकडून येणारा माल बंद पडला म्हणून. म्हणजे आपल्या खिचडीतला जवळजवळ प्रत्येक जिन्नस कुठल्याही पुराणापेक्षा तरुण आहे. ‘उपासाला चालतं’ हे पोथीने ठरवलेलं नाही, ते आळीने आणि आजीने ठरवलंय. म्हणून तर एका घरात जिरं चालतं आणि शेजारी चालत नाही. एकीकडे भेंडी चालते, दुसरीकडे भेंडीचं नाव काढलं तरी उपास मोडतो.

आता सासूबाईंची बशी पाहू. कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, म्हणजे साधारण २१० कॅलरी. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७०. तूप पोह्याच्या चमच्याने दोन भरून, २० ग्रॅम धरा, १८०. बटाट्याच्या फोडी, ४०. झाल्या सहाशे. पोळी-भाजी-आमटी-भाताचं नेहमीचं जेवणही एवढंच भरतं. फरक असा की त्या जेवणात डाळ असते, भाजी असते. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य, नुसतं पिष्ट. म्हणून दोन तासांनी पोटात पुन्हा कावळे ओरडतात. मग केळं, मग राजगिऱ्याचा लाडू, चहाबरोबर बटाट्याचे वेफर्स (उपासाचे आहेत हो!), आणि रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी आपल्यालाच म्हणून ठेवलंय, त्याला अमेरिकेतला संशोधक लागला नाही.

दोन किलोंचा हिशेबही मांडून पाहिला. अंगावर एक किलो चरबी चढायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जादा लागतात. दोन किलोंना १५,४००. बावन्न सोमवार, बारा-तेरा संकष्ट्या, चोवीस एकादश्या, नवरात्राचे नऊ दिवस; एकावर एक आलेले वजा करून सासूबाईंचे वर्षाला नव्वदेक उपास होतात. भागाकार करा. एका उपासाला सुमारे १७० कॅलरी जादा गेल्या की वर्षाचे दोन किलो भरले. १७० कॅलरी म्हणजे वर लिहिलेलं दाण्याचं कूट, एक मूठभर. शरीर इतकं सरळ वाण्याच्या वहीसारखं चालत नाही, हे खरं. पण दोन किलो येतात कुठून याचा अंदाज यायला एवढं पुरे.

‘फराळ’ हा शब्दच बघा ना. मूळ फलाहार. फळांवरून निघालेला हा शब्द आज लालबागच्या चिवडा गल्लीत येऊन थांबलाय, आणि दिवाळीच्या फराळात फळ सोडून सगळं असतं.

तरीही सासूबाईंच्या सासूबाई हेच खाऊन काटक होत्या, असं तुमच्या घरात कुणीतरी म्हणेलच. ते खोटं नाही. तुम्ही राहता त्या जागेचं नावच त्याचं उत्तर आहे. आधीचं कॉटन ग्रीन कुलाब्याला होतं. तो कापसाचा बाजार पुढे शिवडीकडच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला आणि गोदामं उभी राहिली. कापसाची एक गासडी आज १७० किलोंची मोजतात. ती हलवणारे, वाहणारे, रचणारे हात याच वस्तीतले. पलीकडे दिग्विजय, स्वान, फिनले अशा गिरण्या. विणकामाच्या साचेखात्यात आठ तास उभं राहून, घामाने निथळून घरी चालत येणारा माणूस रात्री भजनाला बसायचा आणि सत्यनारायणाचा शिरा खायचा. त्याला तो शिरा लागायचा कुठे? घरातल्या बाईचं पाणी भरणं, जिने चढणं, पाट्यावर वाटणं वेगळंच. सणांचा स्वयंपाक या शरीरांसाठी ठरला होता. माळकऱ्याची एकादशीसुद्धा चालण्याची होती. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मग गिरण्या गेल्या. गिरणगावच्या पुढच्या पिढीने खुर्चीतलं काम धरलं. सणांची यादी मात्र तीच राहिली, उलट वाढली. पूर्वी पुरणपोळी होळीला आणि फार तर बैलपोळ्याला. आता दादरच्या कुठल्याही दुकानात बाराही महिने मिळते. आता आषाढीला हार्बर लाइनने दोन स्टेशनं जाऊन वडाळ्याच्या विठोबाचं दर्शन घ्यायचं आणि रांगेत फुकट वाटलेली खिचडी खायची, ही आपली वारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ च्या पुढे बीएमआय असलेल्या बायका २०१५-१६ मध्ये २१ टक्क्यांच्या आसपास होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या. यात सगळे धर्म आले.

तुमच्या मजल्यावरच्या काकांकडे वळू. जैनांचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद. लालबागच्या एका दुकानात मी पाहिलंय: सहा वाजले की गल्ल्यावरचे शेठ डबा उघडतात, गिऱ्हाईक उभं असलं तरी दहा मिनिटं मान वर करत नाहीत, मग पाणी पिऊन हात पुसतात. पुढे सकाळपर्यंत काही नाही. आपण नऊच्या लोकलने उतरून साडेदहाला जेवतो. २०२२ मध्ये हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच जेवण चार तास उशिरा देऊन पाहिलं. भूक वाढली आणि शरीराचा ऊर्जाखर्च घटला. सोळा माणसं म्हणजे काही जग नव्हे, पण काकांच्या बाजूने एक पुरावा झाला. काकूंचं काय? सूर्य मावळण्याचा नियम घड्याळाला आहे, फरसाणाला नाही. दिवसभरात किती गाठिया खाल्ल्या, तुपाचा हात किती सैल सोडला, हे चौविहार विचारत नाही.

त्यांच्याकडे आयंबिल मात्र आहे. दिवसातून एकदाच जेवायचं आणि त्यात दूध, दही, तूप, तेल, साखर, मसाला काही नाही. आयंबिलाची ओळी वर्षातून दोनदा नऊ-नऊ दिवसांची, चैत्रात आणि आश्विनात. आश्विनातली ओळी आपल्या नवरात्राच्या पंधरवड्यातच येते. एकाच मजल्यावर, एकाच आठवड्यात, भिंतीच्या एका बाजूला तुपात परतलेली खिचडी आणि दुसऱ्या बाजूला उकडलेलं अळणी धान्य. दोन्ही बाजूंना व्रतच.

मैत्रिणीचा अनुभवही नेमका आहे. बोहऱ्यांच्या एका थाळाभोवती सातआठ जण बसतात, चिमूटभर मिठाने सुरुवात होते, मग गोड, मग तिखट, पुन्हा गोड. थाळात उरवायचं नाही, एक दाणाही वाया घालवायचा नाही, हा संस्कार. अन्न वाया न जाणं उत्तमच, पण आठ जणांच्या थाळात तुझं किती आणि माझं किती हे कोण मोजणार? आपल्या पंगतीत वाढपी आग्रह करतो, तिथे थाळच आग्रह करतो. मैत्रिणीकडे उपासही आहेत, रमझानचे. त्यांच्यावरच्या अभ्यासांतून दिसतं: महिन्यात सरासरी किलोभर वजन उतरतं आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं. मोहम्मद अली रोडवरची रोजा सुटल्यावरची खाण्याची गर्दी पाहिलेल्या माणसाला त्याचं नवल वाटणार नाही.

तेव्हा मुलाला सांगा, संबंध आहे, पण तो देवाशी नाही, पंगतीशी आहे. नको कशाला म्हणता येतं आणि कशाला म्हणता येत नाही, यावर वजन ठरतं. भाताला नको म्हणता येतं, प्रसादाला म्हणता येत नाही. पूर्वी प्रसाद उजव्या तळहातावर मावेल तेवढाच मिळायचा. मग द्रोण आला, मग प्लेट आली, आता घरच्यांसाठी पार्सल देतात. रवा, साखर, तूप समसमान घातलेला शिरा शंभर ग्रॅम खाल्ला की तीनशे कॅलरी गेल्या. जुन्या बायका कणभर उचलून डोळ्यांना लावायच्या आणि उरलेला पोरांच्या हातावर ठेवायच्या. कणभर घेतला तरी तो प्रसादच.

समाजाने मनावर घेतलं तर ताट बदलतं, हे आपल्याच महाराष्ट्राने पाहिलंय. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळेपाके तुकडे सोडण्याचं आवाहन केलं, आणि गावोगावी लोकांनी ते सोडलं. तिथे प्रश्न वजनाचा नव्हता, माणूसपणाचा होता, आणि पोटाला चिमटा घेऊन सोडलं होतं. त्यापुढे तुमच्या उत्सव मंडळाने शिऱ्याऐवजी मोड आलेले मूग वाटणं म्हणजे काहीच नाही. सुचवून पाहा; पहिल्या वर्षी हसतील.

आता सासूबाईंचं नवरात्र. त्यांना परस्पर ‘करू नका’ म्हणू नका, त्या ऐकणार नाहीत आणि गुपचूप करतील, ते जास्त धोक्याचं. घट बसायच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या, सोबत गोळ्यांची चिठ्ठी आणि उपासाला काय काय खातात त्याची खरी यादी न्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी साखर एकदम उतरू शकते, आणि साबुदाण्याने ती भरकन चढते. डोस डॉक्टरच बदलतील, घरी कुणी गोळी अर्धी करू नये. नऊऐवजी बसता-उठता दोनच दिवस धरले तरी उपास होतो, हे त्यांना त्यांच्याच वयाच्या कुणाकडून सांगवा. साबुदाणा फार तर एक वेळ आणि थोडा. बाकी ताक, दही, काकडी, राजगिऱ्याची भाकरी आणि घरात चालत असेल तर लाल भोपळ्याची भाजी. निर्जळी नको.

ग्लुकोमीटर देव्हाऱ्याजवळच ठेवा. घाम फुटला, हात थरथरले किंवा आकडा ७० च्या खाली दिसला, तर आरती अर्धी टाकून तीन चमचे साखर पाण्यात घालून आधी त्यांना पाजा.